आकसलेला निळा पट्टा

मी धोटा आहे. लाकडाचा देह, टोकांना लोखंडी टोप्या, पोटात सुताची कांडी. मागावरच्या उभ्या सुतांमधून आडवं सूत ओढत इकडून तिकडे पळायचं, एवढंच माझं काम. केसरीनाथने मला निजामपुऱ्यातून नारपोलीच्या कारखान्यात आणलं, तेव्हा त्याची लेक क्षितिजा शाळेत होती. मागांच्या खडखडाटात अभ्यास करायची आणि वीज गेली की त्या शांततेने दचकायची!

पुढे ती कापडाचंच शिकली. पदवी मिळताच म्हणाली, "बाबा, कोरं कापड सगलेच विणतान. मना एक माग दे."

बाप हरखला. तिनं पांढऱ्यावर निळे पट्टे घेतले. माझी कांडी पुन्हा पुन्हा बदलताना तिच्या नाकावर घाम यायचा, पण हात थांबत नसे. नमुना देखणा उतरला. आता तो धुऊन बघायचा, एवढंच राहिलं होतं. त्याच वेळी ती आईबरोबर दोन दिवस अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर गेली होती.

केसरीनाथला धीर निघेना. त्याने कापड भिजवून वाळवलं. निळं सूत आकसलं होतं, सगळ्या कापडाला चुण्या पडल्या होत्या. "पोरगी रडल," तो पुटपुटला. मग त्याने दुसरं चांगलं निळं सूत आणून तसंच कापड स्वतः विणलं आणि तिचं कापड माळ्यावर दडवलं. मला पुसताना म्हणाला, "कोनाला सांगू नको हां." वेडा माणूस! मी कोणाला सांगणार होतो?

क्षितिजानं परतल्यावर ते कापड धुतलं. सरळ, गुळगुळीत निघालं. तिचे पाय जमिनीवर ठरेनात. तिनं व्यापाऱ्याचं मोठं काम घेतलं, आपल्याच निळ्या सुतावर. "सूत बदलून बघ," बापाने आडून सुचवलं. "जमलंय की!" ती म्हणाली. खरं सांगायला त्याची जीभ रेटली नाही.

सगळा माल परत आला. व्यापारी चारचौघांत नको नको ते बोलला. आधी जमलेलं आता का बिघडलं, हे पोरीला कळेना. आपल्याला यातलं काही येतच नाही, असं तिनं मनाशी धरलं आणि गोदामात खोकी चिकटवायच्या ड्युटीवर लागली. पुन्हा ती मागाकडे फिरकली नाही. मला फार वाईट वाटलं.

काल माग भंगारात निघाले. तेव्हा कुठे केसरीनाथने माळ्यावरचं कापड तिच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं.

"तवाच का न्हाय दाखवलंस, बाबा?"

"तू रडली असतीस."

"रडले असते ना. मंग दुसरं सूत घेऊन परत बसले असते."

बाहेर टेम्पोत माग चढत होते.

मला तिनं डब्याच्या पिशवीत टाकलंय. पोटात कांडी नाही, समोर उभ्या सुतांचा ताणा नाही. पदवी घेऊन नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांनो, एवढं ऐका. मनातलं कापड विणा, स्वतःच्या हाताने पाण्यात घाला. आकसलं तर आकसू दे, रडा हवं तर. पण ते कोणाला लपवू देऊ नका. रडून झाल्यावर परत बसायला तुमचा माग अजून जागेवर आहे. क्षितिजाचा काल गेला.