मळलेलं पितळ

मुलांनो, जरा एक आवाज मनात आणून बघा. एक मोठं मांजर उन्हात पडून घुरघुरतंय, आणि त्याच्या पोटात कुणी तरी मूठभर खडे टाकलेत. ते दमत नाही, थांबत नाही. जवळ गेलात तर पायाखालची फळीही बारीक थरथरते. आता या आवाजाभोवती एक लाकडी शेड उभी करा. शेडमध्ये लोखंडी शेगडी, खिडकीबाहेर कुंपणापर्यंत बर्फ, आणि शेगडीजवळच्या स्टुलावर मांडीवर चाळण घेऊन बसलेला एक म्हातारा माणूस. आलं डोळ्यांपुढे? मग त्याच्या शेजारी, उपड्या केलेल्या खोक्यावर, दहा वर्षांची एक मुलगी बसवा. तिचं नाव मार्ना.

आवाज यंत्राचा होता. यंत्र कसलं, मोटरवर बसवलेला एक पिवळा प्लास्टिकचा टोप. त्यात अक्रोडाच्या कवचांचा भरडा घालायचा, झाकणभर पॉलिश ओतायचं आणि झाडून झालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या सोडायच्या. टोप थरथरत राहतो, भरडा पुंगळ्यांना घासत राहतो, आणि सकाळी काळ्याकुट्ट घातलेल्या पुंगळ्या संध्याकाळी नव्या नाण्यासारख्या बाहेर येतात. मार्नानं बोबड्या वयात त्याला ‘गुरगुऱ्या’ म्हटलं होतं. तेच नाव पडलं.

मोंटानातल्या त्या खोऱ्यात घरटी एक तरी रायफल, आणि हिवाळ्याच्या तोंडावर फ्रीजरमध्ये हरणाचं मांस. काडतुसं दरवेळी विकत कोण घेणार? पितळ तेच, आत दारू नवी, पुढे गोळी नवी. ज्यानं त्यानं आपली पुंगळी जपायची आणि पुन्हा भरून घ्यायची. ती घासायला मात्र सगळे मार्नाच्या आजोबांकडे, लोवेल हाउगेन यांच्याकडे येत. शिकारीचा मोसम संपला की शेडच्या दारात कॉफीच्या रिकाम्या डब्यांची रांग लागे. डब्यावर कागदी पट्टी, पट्टीवर मालकाचं नाव.

आजोबांचे नियम मार्नाला पाठ होते. एकाचा डबा दुसऱ्याच्या डब्यात मिसळायचा नाही. पुंगळी एकदा बंदुकीत उडाली की त्या बंदुकीच्या पोटाचा आकार घेते, पायाला रुळलेल्या बुटासारखी. “दुसऱ्याचा बूट घालून डोंगर चढशील का तू?” आजोबा विचारत. चाळून झाल्यावर प्रत्येक पुंगळी उजेडाकडे धरून आत डोकावायचं, बुडाच्या भोकात भरड्याचा कण अडकला असेल तर टाचणीनं काढायचा. हात साबणानं धुतल्याशिवाय पावाला शिवायचं नाही. आणि शेवटचा नियम असा, की स्वच्छ पितळ गुरगुऱ्यात घालायचं नाही.

“का?” मार्नानं एकदा विचारलं होतं.

“उगाच झिजतं. ज्याला मळ नाही त्याला घासू नये, पोरी. पितळ असो नाहीतर माणूस.”

गेल्या मोसमात हे सगळं बिनसलं. आजोबांनी शेजारच्या आर्नेचा आणि टेकडीपलीकडच्या बर्निसबाईंचा डबा एकत्र केला. त्या दोघांच्या पुंगळ्या जुळ्या बहिणींसारख्या, फरक तेवढा मानेत, म्हणजे गोळी बसते त्या टोकाशी. एकीची मान जरा बारीक. पूर्वी आजोबा डोळे मिटून, नुसत्या बोटांनी त्या वेगळ्या करत. आर्नेच्या लक्षात आलं म्हणून बरं झालं, नाहीतर बंदूक हातातच फुटायची. तो दोन्ही डबे घरी नेऊन निवडत बसला. पण त्याच महिन्यात आजोबा तराजूवर बंदुकीची दारू मोजता मोजता थांबले आणि मार्नाच्या आईला विचारू लागले, की हे मी काय मोजतोय? त्याच संध्याकाळी आईनं आर्नेला फोन केला. दुसऱ्याच दिवशी आर्ने ट्रक घेऊन आला आणि काडतुसं भरायचं दाबयंत्र, तराजू, दारूचे डबे, सगळं घेऊन गेला. आजोबांना सांगितलं, आर्नेला उसनं हवंय. शेडमध्ये उरला एकटा गुरगुऱ्या. त्यानं कुणाला इजा होण्यासारखी नव्हती.

“आर्ने दाबयंत्र आणून देत नाही अजून,” आजोबा रोज जेवताना म्हणत. “बापावर गेलाय. त्यालाही फावडं दिलं, तर बर्फ वितळल्यावर परत यायचं.”

आई हसायची, पण ताटात बघून.

डबे यायचे बंद झाले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. रस्त्यात भेटले की माणसं आजोबांचा हात हातात घेत आणि म्हणत, यंदा नेम साधायला वेळच मिळाला नाही बघा, पुंगळ्याच नाहीत घासायला. आजोबा मान हलवत. मग घरी येऊन खिडकीशी बसत आणि रस्त्याकडे बघत राहत.

आई शाळेची बस चालवायची. दुपारच्या फेरीत मार्नाला ती सगळ्यांत आधी घरी सोडी, मग उरलेली मुलं लांबलांबच्या शेतवाड्यांवर पोचवून दिवेलागणीला परते. म्हणजे मार्ना येईपर्यंत आजोबा एकटे. जानेवारीत एक दिवस मार्ना घरी आली तर घर रिकामं, दार उघडं. थोड्या वेळानं आर्नेचा ट्रक फाटकाशी थांबला. त्यानं आजोबांना हाताला धरून उतरवलं. पायात घरातल्या सपाता, अंगात नुसता सदरा, हातात कॉफीचा रिकामा डबा. ते डबे गोळा करायला निघाले होते. कुणी आणून देत नाही, तर आपणच जावं म्हटलं.

त्या संध्याकाळी आई आजोबांचे पाय कोमट पाण्यात धरून बसली. नंतर स्वयंपाकघरात तिनं मार्नाला जवळ घेतलं.

“अजून एकदा असं झालं ना, तर त्यांना गावातल्या वृद्धाश्रमात ठेवावं लागेल मला. बस सोडता येत नाही गं. आणि त्यांना बर्फात गोठू पण नाही देता येत.”

“गुरगुऱ्या चालू असला की ते कुठे जात नाहीत,” मार्ना म्हणाली.

“खरंय. पण त्याच्यात घालायला काही नको का?”

मार्ना त्यावर विचार करतच झोपली. सकाळी शाळेत जायच्या आधी ती माळ्यावर चढली. तिथे त्यांच्या स्वतःच्या घरच्या जुन्या पुंगळ्यांचा डबा होता, आजी होती तेव्हापासूनचा, काळवंडलेला. तिनं त्याच्यावर कागदी पट्टी चिकटवली, पट्टीवर ‘आर्ने’ लिहिलं आणि डबा शेडच्या दारात ठेवून दिला.

दुपारी ती आली तेव्हा फाटकापासूनच तिला गुरगुर ऐकू आली. आजोबा स्टुलावर बसले होते. शेगडी पेटलेली, बाह्या दुमडलेल्या.

“आला बघ शेवटी त्याचा डबा,” ते म्हणाले. “त्याला म्हणावं, पितळ नीट जपत जा. किती काळं केलंय. आणि माझं दाबयंत्र?”

“सांगते,” मार्ना म्हणाली.

दोघांनी मिळून पुंगळ्या चाळल्या, उजेडाकडे धरल्या, टाचणीनं कण काढले. या कामात आजोबांची बोटं अजूनही चुकत नव्हती. मग हात धुऊन दोघांनी दालचिनीचे गोड रोल खाल्ले. त्या रात्री जेवताना आजोबांनी आर्नेच्या बापाचं फावडं सोडून दुसरी एक गोष्ट सांगितली, आणि आई ताटात न बघता हसली.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी शेड शांत होती. आजोबा डबा पुढ्यात घेऊन बसले होते. पुंगळ्या लखलखत होत्या.

“हे झालेलं काम आहे, मार्ना. कुणी केलं?”

“तुम्हीच, आजोबा. काल.”

“मी?”

त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. मग त्यांनी डब्याला झाकण लावलं, उठले आणि खुंटीवरची टोपी घेतली. कुठे निघालात, असं मार्नानं विचारलं तर म्हणाले, बघतो कुणाकडे काही आहे का. तिनं त्यांचा हात धरला आणि आई येईपर्यंत सोडला नाही. तिच्या बोटांना रग लागली, पण तिनं नाही सोडला.

त्या रात्री शेगडीतली राख बादलीत भरताना तिला सुचलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच ती डबा घेऊन शेडमागे गेली. राखेत थोडं पाणी, धुराड्याच्या नळीतली काजळी, यंत्राचं एक बोटभर जुनं तेल. त्या लगद्यात तिनं सगळ्या पुंगळ्या लोळवल्या, शेगडीच्या कडेला वाळवल्या आणि डबा पुन्हा दारात ठेवला. सोन्यासारखं पितळ काळं करताना तिला रडू आलं. इतकं सुरेख झालेलं काम आपल्याच हातानं बिघडवायचं! पण दुपारी फाटकाशी गुरगुर ऐकू आली.

तेव्हापासून हेच चालू झालं. आजोबा घासत, मार्ना मळवी. पट्टीवरचं नाव मात्र ती बदलत राही, कधी आर्ने, कधी बर्निसबाई. हातांची काजळी नखांत राहायची. एकदा जेवताना आईनं तिची बोटं उलटी करून पाहिली, पाहिली आणि सोडून दिली. पण एरवी दर शनिवारी आई कुंपणापलीकडे रिकामी करायची ती राखेची बादली त्या आठवड्यापासून शेडच्या भिंतीशी भरलेलीच उभी राहू लागली.

फेब्रुवारीत आजोबांनी एक पुंगळी नाकाशी धरली. पुन्हा हुंगली.

“ही बंदुकीची काजळी नाही,” ते हळूच म्हणाले. “हिला चुलीचा वास येतोय.”

मार्ना खाली मान घालून बसली. आजोबांनी तिच्याकडे बघितलं, तिच्या नखांकडे बघितलं. त्या दिवशी त्यांचे डोळे अगदी पूर्वीसारखे होते. मग त्यांनी ती पुंगळी टोपात सोडली आणि झाकण लावलं.

“आर्नेला सांग,” ते म्हणाले, “मळवायचंच आहे तर नीट मळव म्हणावं. एवढ्याशा मळासाठी यंत्र लावायला मला लाज वाटते.”

“सांगते, आजोबा.”

“आणि हात धुवायला सांग त्याला.”

दोघंही हसली. पुढे कितीतरी दिवस मार्नाला ते हसू पुरलं.

कारण त्यानंतर उतरणच लागली. बर्फ वितळून अंगणात चिखल झाला, तेव्हा आजोबा डब्यावरचं नाव वाचेनासे झाले. मग पुंगळ्या उजेडाकडे धरायचं विसरले. आईनं त्यांना वृद्धाश्रमात नेलं नाही, कारण ते आता कुठे जातच नव्हते. स्टुलावर बसवलं की बसत, आणि गुरगुऱ्याचा आवाज सुरू झाला की त्यांचे खांदे सैल पडत.

एप्रिलच्या अखेरीस एका दुपारी मार्ना शाळेतून आली. सकाळी घाईत पुंगळ्या मळवायच्या राहून गेल्या होत्या. आजोबा डब्यासमोर बसले होते आणि त्यांनी एक लखलखीत पुंगळी तळहातावर घेतली होती.

“छान आहे,” ते म्हणाले. “काय असतं हे?”

मार्ना खोक्यावर बसली, उठली, पुन्हा बसली. शेवटी म्हणाली, “पुंगळी, आजोबा. पितळेची.”

“हो का,” आजोबा म्हणाले आणि ती त्यांनी काळजीपूर्वक डब्यात परत ठेवली.

मार्ना डबा घेऊन गुरगुऱ्यापाशी गेली. आता काही फरक पडत नव्हता. तशाच टोपात ओतल्या असत्या तरी चाललं असतं. आवाज तोच आला असता, आजोबांचे खांदे तसेच सैल पडले असते, आणि जगात कुणालाही कळलं नसतं. तिनं डबा कलता केला. पहिली पुंगळी काठापर्यंत घरंगळत आली, लखलखीत, मळाचा ठिपकाही नसलेली.

तिनं डबा सरळ केला, शेडमागे गेली, राखेच्या बादलीशी चिखलात उकिडवी बसली, आणि एकेक पुंगळी घेऊन नीट मळवू लागली.