लेंग्याच्या नाडीवर चालणारा डबा

ओ, जरा बेतानं. माझ्या कडेच्या पत्र्याला हात लावू नका, करंट बसतो. जिवावर बेतेल असा नाही, ओळख राहील इतकाच. मी गाण्याचा डबा बोलतोय. शिकलेली माणसं मला रेकॉर्ड प्लेअर म्हणतात. लालबागच्या आमच्या घरात मात्र मी पहिल्या दिवसापासून डबा. एकदा एका पाहुण्यानं माझं झाकण उघडून आत चिवडा शोधला होता. त्यालाही ओळख दिली.

जन्म कुठला विचाराल तर सांगता येणार नाही. पाठीवर पितळेचा बिल्ला होता, तो पहिल्याच घरातल्या पोरांनी उचकटून काढला. तांबड्या रेक्झिनची लाकडी पेटी, झाकणात स्पीकर, पोटात मोटर आणि मोटरीपासून तबकडीच्या थाळीपर्यंत एक रबरी पट्टा. हा पट्टा ध्यानात ठेवा. शिक्षण अर्धवट. जन्मभर इंग्रजी गाणी वाजवली, पण एका शब्दाचा अर्थ विचारलात तर नुसती खरखर करीन.

माझा पहिला मालक फ्रान्सिस, भायखळ्याचा, मिलमध्ये वायरमन. त्याच्याकडे मूठभर तबकड्या होत्या, सगळ्या केस वाढवलेल्या विलायती पोरांच्या. ती पोरं गिटार वाजवत नसत, तिला छळत असत. फ्रान्सिस बहिणीकडे ऑस्ट्रेलियाला निघाला, तेव्हा मला तबकड्यांसकट टॅक्सीत घालून त्यानं आपल्या दोस्ताच्या, लहूच्या चाळीत आणून सोडलं. मांजराचं पिल्लू आणून सोडतात ना, तसं.

"सांभाळ रे लहू," तो म्हणाला, "उन्हात नको ठेवू, रुसतो."

लहू साचा खात्यातला. साचा म्हणजे सूत कातायचं मशीन. त्याच्यावर शेकडो चात्या, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या सळया, अशा फिरतात की शेजारच्या माणसाशीही हातवारे करून बोलावं लागतं. त्या आवाजानं लहूचे कान असे काही भरले होते की चाळीतलं भजन त्याला कुजबुजीसारखं वाटायचं. माझ्यावरची तबकडी फिरली, गिटार किंचाळली, ढोलवाल्यानं ढोल फोडायला घेतला, आणि लहूचा चेहरा उजळला. पहिल्यांदा कुणीतरी त्याच्याशी नीट मोठ्यानं बोललं होतं.

त्याची बायको मंजुळा. कोकणातली, कणगीएवढा संसार सुपात बसवणारी. ती हातात पळी घेऊन दारात आली.

"ह्यां गाणां आसा काय झगडो?" तिनं विचारलं.

"गाणां," लहू म्हणाला.

"मगे जिंकलो कोण?"

एवढं बोलून ती आत गेली, पण जाताना तिचा पाय ठेक्यावर पडला. मी पाहिलं. मी सगळं पाहतो, माझं झाकण उगाच आडवं उघडत नाही.

मग संप झाला. मिलचे भोंगे गप्प झाले आणि अख्ख्या गिरणगावाच्या कानात दडे बसले. लहू दिवसभर घरात. त्याला शांततेची सवय नव्हती, म्हणून तो मला वाजवी, वाजवी आणि वाजवी. शेवटी माझा पट्टा तुटला. घरात मीठ-भाकरीची ओढाताण, पट्टा कुठून आणणार? लहूनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि उभ्या उभ्या आपल्या लेंग्याची नाडी खेचून काढली.

हसू नका. ती साधी नाडी नव्हती. साच्यावर चाती फिरवायला एक सुती फीत असते. ती झिजली की कामगार घरी आणत. अख्ख्या चाळीचे लेंगे आणि परकर त्या फितीच्या जिवावर उभे होते. लहूचं डोकं एवढंच चाललं, की जी फीत मिलमध्ये चाती फिरवते ती घरात थाळी का नाही फिरवणार?

"आता लेंगो काय खिळो मारून घालतलात?" मंजुळेनं विचारलं.

लहूनं एका हातानं लेंगा धरला, दुसऱ्या हातानं माझी सुई ठेवली. थाळी फिरली. पण सुती फीत रबरासारखी धरून ठेवत नाही, ती घसरते. त्यामुळे गाणं हळू झालं. किंचाळणारा गायक बैलासारखा खर्जात बोलायला लागला. शिवाय फितीला होती गाठ. दर चक्कराला ती गाठ मोटरीवर चढे, आणि तेवढ्यात गाण्याला एक उचकी लागे. गाणं, उचकी. गाणं, उचकी.

मंजुळेनं कान देऊन ऐकलं. "तो पण संपावर बसलो काय?" ती म्हणाली.

लहू इतका हसला की लेंगा हातातून सुटला.

तेव्हा त्यांचा जयवंत झोळीत होता. रडायला लागला की तीन मजले उठवायचा. त्या दिवशी मात्र उचकी ऐकून तो गप्प झाला. मंजुळेनं ओळखलं. तिनं झोळीची दोरी हातात घेतली आणि दर उचकीला ती ओढायला लागली. पोरगं ढाराढूर झोपलं. आता तिला मसाल्याच्या पुड्या भरायला दोन्ही हात मोकळे. संपाच्या काळात घर त्या पुड्यांवर चाललं, आणि पुड्या माझ्यावर. मी हे फुशारकीनं सांगतोय.

घरातली एकेक वस्तू मात्र बाहेर पडत होती. आधी तांब्याचा हंडा गेला, मग घड्याळ गेलं. एक दिवस जुन्या वस्तू विकत घेणारा माणूस दारात उभा राहिला आणि त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. लहूनं मान खाली घातली. बोलली ती मंजुळा.

"डबो देवचो नाय. माझो झील जयवंत ह्येच्यावर निजता."

माणूस तरी मला उचलायला वाकला आणि हात झटकत मागे सरला. मंजुळेनं मला वाचवलं असं घरात सांगतात. माझाही थोडा हात होता, तो कुणी सांगत नाही.

संप संपला असं कुणी सांगितलंच नाही. तो दुधासारखा आटत गेला. लहूची मिल काही उघडली नाही. तो दादरच्या एका बिल्डिंगमध्ये लिफ्टमन झाला. दिवसभर वर-खाली करून यायचा आणि म्हणायचा, "इतका चढलो, पण पोचलो कुठंच नाय." आमच्या खोलीची मात्र कीर्ती झाली. चाळीतली सगळी रडकी पोरं झोपायला आमच्याकडे यायला लागली. जयवंत थोडा मोठा झाला तेव्हा दोरी ओढायचं काम त्याच्याकडे आलं. गाणं त्याच्या कानात शिरत नसे. तो एका हातानं दोरी ओढत दुसऱ्या हातात पुस्तक धरून पाढे म्हणायचा. पुढे हा बँकेत लागला यात नवल नाही. रविवारी मासे तळताना लहू मला लावी, आणि उचकी आली की मंजुळा पळीसकट जरा लचकायची. मुद्दाम. लहू बघतोय हे तिला ठाऊक असायचं.

मग माझी मोटर बसली. घरात टेप आला, टीव्ही आला, सून आली, नात आली. मी माळ्यावर गेलो. चाळ पडली, जागेवर टॉवर उभा राहिला, आणि मी लिफ्टनं वर गेलो, पुन्हा माळ्यावरच. मंजुळा ते घर बघायला राहिली नाही. जाता-येता तिची साडी घासून गुळगुळीत झालेला चाळीतला तो कोपरा त्या टॉवरच्या भिंतींना नव्हता.

आता आत्ताचं ऐका.

लहूची नात ओवी. हिच्याकडे नखाएवढ्या जाडीचा फोन. म्हणे त्यात जगातली सगळी गाणी आहेत. असतील. करंट मारता येतो का त्याला? ओवीनं आजोबांच्या तबकडीच्या पाकिटावरचं चित्र बघून ते झोळीचं गाणं शोधलं आणि लावलं.

"आबा, तुमचं गाणं."

लहूनं ऐकलं. दोनदा ऐकलं. "हे नाय गे ते," तो म्हणाला. "ह्याला कुत्रा लागलाय पाठी."

"आबा, हेच आहे. नाव बघा, बँड बघा."

"असेल नाव. माणूस तो नाय."

ओवी हसली, पण जयवंत हसला नाही. त्याच महिन्यात लहू दोनदा चुकून भलत्याच मजल्यावरच्या घराची बेल वाजवून आला होता. सगळे मजले सारखे, कुणीही चुकेल. पण आता जन्मभराचं गाणंही ओळखेना म्हटल्यावर मुलाला वाटलं, बाबांची आठवण चालली. रात्री तो बायकोशी हलक्या आवाजात बोलला, आणि सकाळी लहूच्या खुंटीवर घराची किल्ली नव्हती.

"बाबा, खाली जायचं असेल तर ओवीला घेऊन जा," जयवंत म्हणाला.

"मी तिला शाळेत सोडायचो रे," लहू म्हणाला. "आता ती मला सोडणार?"

खाली नाक्यावर त्याचे जुने साचेवाले बसतात, एकमेकांची टोपी उडवतात, गेलेल्यांच्या नकला करतात. ते लहूचं सगळं होतं. किल्ली गेली म्हणजे ते गेलं. त्यानं दोन दिवस कुणाची खोडी काढली नाही. लहू आणि खोडी नाही, म्हणजे दुखणंच. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "डबा खाली काढा. दुरुस्त करून आणा. तबकडी हीच, डबा हाच. मग सांगतो मी वेडा का तुमचा फोन."

जयवंतनं मला दादरला चिंतामणी नावाच्या कारागिराकडे नेलं. भला माणूस, पण विनोद कमी. त्यानं माझं पोट उघडलं आणि कुजलेली फीत चिमट्यात धरली. "ही नाडी कुणी घातली? कोण होता मेकॅनिक?" म्हणाला आणि ती केरात टाकली. मोटर बदलली, नवा कोरा रबरी पट्टा चढवला. मी ओरडत होतो, अहो ती ठेवा, ती ठेवा. पण तबकडीशिवाय माझं ऐकतो कोण? मी त्याला करंट मारून पाहिला. त्यानं माझी ती वायरही दुरुस्त केली.

रविवारी सगळे हॉलमध्ये जमले. ओवीनं सुई ठेवली. मी वाजलो, चोख, घड्याळासारखा, अगदी त्या फोनसारखा. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

लहू ऐकत राहिला. त्याचे गुडघे ठेका शोधत होते आणि त्यांना सापडत नव्हता.

"हे पण ते नाय," तो हळूच म्हणाला. मग त्यानं जयवंतकडे पाहिलं. "तुझंच खरं असेल रे. माझंच काहीतरी गेलंय."

जयवंत बापाजवळ येऊन बसला. 

मी काय करणार? माझ्याकडे एकच गोष्ट होती, खोडी. मी जोर लावून थाळी थरथरवली. नवा रबर नवाच असतो, कुईंकुईं करतो. त्यानं तसंच केलं. लहूचे कान साच्यातले. मशीन कुठं कण्हतंय ते त्याला झोपेतही कळतं. तो उठला, तबकडी काढली, थाळी उचलली आणि आत वाकून बघितलं. आत काळा, गुळगुळीत, बिनगाठीचा पट्टा.

 वाकल्या वाकल्याच लहूचे खांदे हलायला लागले. सुनेला वाटलं रडतायत. ती उठली, तोवर लहू सरळ झाला. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"नाडी," तो म्हणाला. "अरे, नाडी कुठंय?"

सुनेनं ओवीकडे पाहिलं, ओवीनं जयवंतकडे. हे फारच वाढलं, असं तिघांच्या तोंडावर. आणि तेवढ्यात लहूनं सगळ्यांसमोर लेंग्याच्या नाडीला हात घातला.

"बाबा, अहो बाबा," जयवंत धावला.

"ओरडू नको. धर इथं." लहूनं लेंग्याची कड मुलाच्या मुठीत दिली आणि सर्रकन नाडी खेचली. मिलची फीत. पहिली माझ्या पोटात गेल्यावर मंजुळेनं ही दुसरी ओवली होती, लेंगे बदलत गेले, नाडी हीच राहिली. त्यानं रबरी पट्टा काढून ती मोटरीभोवती घेतली, थाळीच्या कडेवर बसवली, साच्यावर तुटलेलं सूत सांधायची बारकी गाठ मारली आणि उरलेलं टोक दातानं तोडलं. बँकेचा मॅनेजर बापाचा लेंगा धरून उभा.

"लाव गे पोरी."

सुई टेकली. गायक खर्जात उतरला. हळू, जड, पोट भरल्यासारखा. गाणं, उचकी. गाणं, उचकी.

लहूनं डोळे मिटले. "हां," तो म्हणाला. "आता बसलो तो संपावर."

 ओवीनं फोनवर तेच गाणं लावून कानाशी धरलं, मग माझ्याकडे कान केला, मग पुन्हा फोनकडे. तिच्या लक्षात येत होतं. पण तिच्याआधी जयवंतच्या हाताच्या लक्षात आलं होतं. दर उचकीला तो मुठीतला लेंगा हलकेच ओढत होता. ओढ, सोड. ओढ, सोड. त्याला स्वतःला पत्ता नव्हता.

"जयवंता," लहू डोळे न उघडता म्हणाला, "झोळी नाय रे ती, लेंगा हाय."

जयवंतनं आपल्या मुठीकडे पाहिलं. "बाबा, हेच आहे ते," तो म्हणाला. "आई मसाला भरायची. मी तेराचा पाढा म्हणायचो."  बोलतानाही त्याचा हात थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी किल्ली खुंटीवर होती. नाक्यावरच्या म्हाताऱ्यांना लहूनं ही गोष्ट इतकी रंगवून सांगितली, की तीत आता लेंगा दोनदा सुटतो.

सध्या मी हॉलमध्ये आहे, टीव्हीच्या वर नाही पण त्याच्या बरोबरीनं. खालच्या मजल्यावरची एक बाई आपलं रडकं बाळ घेऊन परवा चौकशी करून गेली. लहूच्या लेंग्याला सेफ्टी पिन आहे. बाजारातली नाडी तो घालायला तयार नाही, म्हणतो, तिच्यावर काही वाजत नाही.

तेव्हा एवढंच मागणं. तुमच्या माळ्यावर माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला खाली काढा, पुसा, वाजवा. पण दुरुस्त करणाऱ्याला आधी विचारा, की ह्याची उचकी कुणाच्या आठवणीची आहे. आणि जाताना माझ्या कडेला खुशाल हात लावा, आता बसत नाही करंट.

लावा तर खरं. ओवीनं ती वायर परवा पुन्हा सैल केली आहे.