खंड पडला तर

गावातली शाळा सातवीपर्यंतच. म्हणून प्रणाली आठवीला दर्यापूरच्या हायस्कूलात आली आणि पहिल्याच चाचणीत गणितात आपटली. तिचे वडील सहदेव शाळेत आले. वर्गशिक्षिका सुभद्राबाईंसमोर टोपी हातात धरून उभे राहिले.

"सहामाहीत पास झाली तं शिकवतो मॅडम. नाई तं दिवाळीनंतर कापूस वेचाले घरीच ठेवतो. उगाच जीपमंदी लटकून जाण्यात काय हाय?"

मधल्या सुट्टीत बाईंनी प्रणालीला जवळ बसवलं. बाईंचा स्वतःचा दिवस नेमाने बांधलेला. पोथीचा अध्याय झाल्याशिवाय चहासुद्धा घेत नसत. आयुष्यात त्यांना जो उपाय लागू पडला होता, तोच त्यांनी मुलीला दिला.

"एक नेम धर बेटा. देवाजवळ दिवा लावला की आधी गणित, मग जेवण. धड्यामागून धडा. खंड पडू द्यायचा नाही."

"आन् पडला तं?"

"पडू द्यायचाच नाही," बाई म्हणाल्या. तेवढ्यात घंटा झाली.

पोरीनं मनावर घेतलं. श्रावणात बाईंना ताप भरला आणि पोथी राहिली. बऱ्या झाल्यावर त्यांनी ती पुन्हा पहिल्या अध्यायापासून लावली. समाप्तीचा प्रसाद वर्गात उशिरा वाटला आणि उशीर का झाला तेही मुलींना सहज सांगितलं. एकदा गणिताच्या तासाला वर्गावरून जाताना त्यांना प्रणाली शेजारणीच्या पुस्तकात डोकावताना दिसली. "तुझं कुठे?" तर म्हणाली, "घरी राह्यलं." बाई पुढे गेल्या.

सहामाहीचे पेपर तपासताना गणिताच्या वाहेद सरांनी एक उत्तरपत्रिका त्यांच्यापुढे सरकवली.

"हे पाहा मॅडम तुमच्या प्रणालीचं. परिमेय संख्या, समांतर रेषा, असं लिहिलं की मीच नक्कल मारावी. आणि त्याच्या पुढं मैदान साफ. पाया पक्का, वर घरच नाई."

"नापास?"

"पास कुठून करू? मी दोनदा मोजलं."

बाईंनी प्रणालीला बोलावून घेतलं. रागावल्या नाहीत, त्यांना रागावता यायचं नाही. विचारलं, "रोज वाचत होतीस ना गं?"

"रोज वाचलं मॅडम. जेवाच्या आधी."

"मग पुढचे धडे?"

प्रणाली पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिली. "पुढं जाताच नाई आलं. दर महिन्याले दूर बसा लागते. तवा नेमाच्या पुस्तकाले हात कसा लावू? खंड पडे. मंग आंघोळ झाली की पुन्हा पहिल्यापासून धरो."

"पहिल्यापासून?" बाईंनी विचारलं.

"तुमीबी तं पोथी पहिल्यापासूनच धरली होती," प्रणाली म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. आपण चुकलो नाही एवढंच तिला सांगायचं होतं.

दिवाळीची सुट्टी लागली तशा बाई जीपमध्ये बसून तिच्या गावी गेल्या. सहदेवांनी अंगणात खाट टाकली, पाणी दिलं. बाईंनी सगळं समजावून सांगितलं. मुलीचं डोकं चांगलं आहे, जे वाचलं ते तिला बिनचूक येतं, चूक सांगणाऱ्याची आहे, वार्षिक परीक्षेपर्यंत मी स्वतः तिला बसवते.

सहदेवांनी शांतपणे ऐकलं.

"मॅडम, तुमाले दोष नाई देत. मी डोयानं पाह्यलं. भाकर थंडी होऊन जाये, पण पोरगी आधी पुस्तक घेऊन बसे. तिची माय म्हणे, हे तं मास्तरीण होते. इतकं करूनबी नाई आलं, म्हणजे डोक्यातच नाई तिच्या. आयशी पोरगी राह्यती तं मी म्हटलं असतं, चाल, अजून एक खेप पाहू."

"आळशी नाही म्हणून तर म्हणते मी."

"म्हणून तं मी म्हणतो," सहदेव उठले. "कामाची हाय पोरगी. वावरात कामाले येईन."

प्रणाली दारात उभी होती. तिच्या आईने कापूस भरायला तिच्या कमरेला जुन्या लुगड्याची ओटी बांधून दिली होती. बाई तिच्याजवळ गेल्या.

"ऐक. नेम सोडून दे. जिथं राहिलं तिथून पुढे वाच. आंघोळ झालेली नसो, दूर बसलेली अस, जेवता जेवता वाच. काही होत नाही."

"पाप नाई लागत?"

"नाही."

"मंग तुमी पोथी तशी वाचसान?"

बाईंनी होकारासाठी तोंड उघडलं. खोटं बोलायचं नाही हाही त्यांचा एक नेमच होता. पोरगी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती आणि तिला कळलं. ती समजूतदारपणे हसली, जणू बाईंनाच अडचणीतून सोडवत होती.

"वाचीन मॅडम मी," ती म्हणाली.

मग आईने हाक मारली आणि ती वावराकडे निघून गेली.