उजव्या हातमोज्यातले भोक

मित्रांनो, मी प्रयोगशाळेतली एक जुनी हवाबंद पेटी आहे. अंग काचेचे, आणि पुढे दोन लांब रबरी हातमोजे. बाहेरच्या माणसाने त्यांत हात घालायचे आणि माझ्या पोटातले काम करायचे. म्हणजे हात आहेत मला, पण ते हलवणार दुसरेच.

कारखान्यात माझे सांधे असे घट्ट बसवले की बाहेरच्या हवेची आत यायची बिशाद नव्हती. चुकून आलीच, तर माझ्यातले रसायन ती शोषून घेई. मग मला स्पेनमध्ये, उएल्वाच्या तांब्याच्या खाणींजवळ, रेमेदियोसबाईंकडे आणले.

बाईंनी जमिनीच्या खूप खालून, जिथे उजेड नाही, हवा नाही, अशा खडकातून जिवंत जंतू वर काढले होते. हे तिथे जगतात, तर मंगळाच्या पोटातही कोणी जगत असेल का, हा त्यांचा ध्यास. पुढे ते खोदकाम ढासळले. जंतूंची एकच बाटली उरली, तीही माझ्या पोटात. हवा लागली की ते मरणार. वाढ इतकी सावकाश, की वर्ष सरले तरी बाटलीतले पाणी नितळच. पाहुणे आले की बाई मला थोपटून म्हणत, "हिच्या जिवावर जगताहेत बिचारे." मी फुशारून जाई.

बाईंच्या हाताखाली कासिल्दा नावाची संशोधक होती. तिचे लग्न ठरले आणि बोटात खड्याची अंगठी आली.

"पोरी, अंगठी काढ, मग हात घाल."

"निघतच नाही हो बाई! साबण लावून बघितला. आणि सासूबाईंनी रिकामं बोट बघितलं, तर मोडेल ना माझं लग्न!"

बाई हसल्या. "बरं बाई, सांभाळून."

बाटलीत खाद्याचे थेंब घालताना खडा तळव्याकडे वळला. उजव्या हातमोज्याला टाचणीच्या टोकाएवढे भोक पडले. बाटलीचे बूच त्याच बोटांत धरलेले होते. मला ते लगेच कळले. ओरडावेसे वाटले, पण पेटीला कुठला आवाज? आलेली हवा मीच इमानाने शोषून घेतली, त्यामुळे आतली हवा मोजणारा काटाही हलला नाही.

थोड्याच दिवसांत बाटलीतले पाणी गढूळ झाले.

"कासिल्दा! इकडे ये आधी! वाढले गं, वाढले!" बाई चक्क रडत होत्या.

वाइन उघडली, डुकराच्या खारवलेल्या मांसाचे काप आले. कासिल्दा म्हणाली, "बाई, आता मंगळावर न्या मला."

"आधी नवऱ्याला विचार. तो म्हणेल, कायमचीच ठेवून घ्या!"

मित्रांनो, ते वाढलेले जंतू कासिल्दाच्या कातडीवरचे होते. बाईंचे जंतू त्या गर्दीत उपाशी मरत होते. त्या दिवशी कोणी ओळखले असते, तर थोडे तरी वाचले असते. बाई रोज बाटली बघून खूष होत, आणि रोज आतले आणखी काही मरत. मला काहीही करता येत नव्हते. असे दुःख वैऱ्यालाही मिळू नये.

शेवटी माद्रिदला तपासायला पाठवलेल्या थेंबांचा निकाल आला: जंतू माणसाच्या कातडीवरचे; मग शोधल्यावर हातमोज्यातले भोकही सापडले. कासिल्दा भिंतीला टेकून रडू लागली. "माझ्यामुळे झालं, बाई."

"सांभाळून म्हणालं कोण? मीच ना? मग गप्प बस."

नियमाने बाटली वाफेत घालून नष्ट करायची होती. बाईंनी हातमोजा बदलला, बाटली उचलली आणि परत खाली ठेवली.

"एखादा जिवंत असला तर?" त्या म्हणाल्या. "राहू दे."

म्हणून सांगते, मित्रांनो, आमच्यासारख्या मुक्यांच्या भरवशावर कुणाचा जीव ठेवलात, तर आम्हाला रोज चाचपून बघत जा. बाई अजून बाटली उजेडाकडे धरून तासन्‌तास शोधतात. त्यातला शेवटचा केव्हा गेला, ते मला ठाऊक आहे.