पळसाच्या पानांचा जगदेव

जगदेव बसऱ्याकडच्या लढाईत पडल्याचा कागद इंझोरीला आला तेव्हा कपाशीची पहिली वेचणी चालू होती. नुसता कागद आला. हाडं समुद्रापलीकडच्या वाळूत राहिलेल्या माणसाला अग्नी द्यायचा कसा, तर पळसाच्या पानांचा त्याच्या उंचीचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, धोतरात गुंडाळायचा आणि नदीकाठी जाळायचा, असं भटजींनी सांगितलं. बाप मारोतराव मुकाट्यानं पळस तोडायला गेला.

आईचं, कस्तुराबाईचं, मात्र वेगळंच होतं. तोंड पाहिल्याशिवाय पोर मेलं म्हणायचं तरी कसं? आता आईच ती, तिच्याशी वाद कोण घालणार! पुतळ्याला हळद लावायच्या निमित्तानं ती एकटी आत बसली, नारळ काढून ज्वारीच्या कणगीत पुरला आणि त्या जागी चिंध्यांचा गोळा बांधला. पुतळा अपुरा जळला की मरणही अपुरं राहील, आणि पोराचं तोंड एकदा तरी दिसेल, एवढीच तिची आशा. पुतळा जळाला, सुनेच्या, विजयमालाच्या, बांगड्या फुटल्या. म्हातारीच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही.

महिन्याभरानं एका सकाळी विजयमाला विहिरीवरून रिकामीच घागर घेऊन परतली.

"आत्याबाई, थे आले," ती म्हणाली. "विहिरीपाशी उभे होते, खाकी कपड्यात. मी हाक मारली, पण वळून नाई पाह्यलं."

"लई दुरून आला न पोरी, थकला असन," कस्तुराबाई म्हणाली, आणि तिला इतका आनंद झाला की तव्यावरची भाकर करपली तरी तिला वास आला नाही.

चार दिवसांनी मारोतराव औत अर्ध्यात सोडून घरी आला. धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, जगदेव चालत गेला होता आणि बैल माना खाली घालून जागीच थिजले होते.

"पाठच दिसते त्याची," तो म्हणाला. मग बायकोकडे पाहून त्यानं विचारलं, "तू काई केलं काय व?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पदरात भाकर बांधून कस्तुराबाई एकटीच वावरात गेली. दुसऱ्या वेचणीचं पांढरं कपाशीचं रान होतं आणि मधोमध तो पाठमोरा उभा होता, उघड्या डोक्यानं. डोक्यामागचा भोवरा तिनं लांबूनच ओळखला. लहानपणी तेल जिरवताना तिची बोटं तिथंच फिरायची. तिला भडभडून आलं. इतक्या दिवसांचं सगळं रडू तिथं बाहेर पडलं.

डोळे पुसून ती वळसा घालून त्याच्या समोर गेली. तो जागचा हलला नव्हता, तरी तिकडूनही तोच भोवरा दिसला. ती आणखी फिरली, पुन्हा पहिल्या जागी आली; सगळीकडून भोवराच.

"जगू," ती कशीबशी म्हणाली, "बाप्पा, तोंड तं दाखव मले."

"माय," तो अगदी मायेनं म्हणाला, "मी तं कवाचा तुह्याकडंच पाहून राह्यलो."