वासाची रेघ

सातवीतल्या त्या मुलीला सगळे मिरची म्हणायचे. राग कायम तिच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा, आणि त्या वर्षी रागाचं कारणही थेट नाकातच शिरलं होतं. शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाचा पाइप फुटला होता. तक्रार केली की मुख्याध्यापक म्हणायचे, "नाक दाबून जा." मुली जातच नव्हत्या. घरून आणलेली पाण्याची बाटली तशीच भरलेली घरी न्यायच्या.

विज्ञान स्पर्धा जाहीर झाली तशी मिरचीने मैत्रिणीला धरलं. जाड भिंगांच्या चष्म्यामुळे तिचं नाव भिंगरी पडलं होतं. "आपला विषय ठरला," मिरची म्हणाली, "वास किती लांब जातो?"

प्रयोग साधा होता. एकेका मुलीच्या डोळ्यांवर ओढणी बांधायची, लांबच्या टोकापासून तिला व्हरांड्यातून चालवत आणायचं आणि जिथे ती "ईऽऽ" म्हणेल तिथे खडूने रेघ मारायची. बऱ्याच रेघा एकाच जागी पडल्या, मुख्याध्यापकांच्या दाराबाहेर. आत ते गुलाबाचा फवारा मारून बसलेले असत. त्यामुळे तिथे गुलाबाच्या बागेत उंदीर मेल्यासारखा वास यायचा.

मुख्याध्यापकांनी विषय वाचला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पाहुण्यांसमोर हे असलं? इंद्रधनुष्य कर. छान रंगीत दिसतं."

"इंद्रधनुष्याला वास नसतो, सर."

"म्हणूनच!"

विज्ञानाच्या बाई शेजारीच उभ्या होत्या, तोंडात मिठाची गुळणी धरून. मिरचीला त्यांचा जास्त राग आला. पण तिने विषय बदलला नाही.

स्पर्धेच्या दिवशी सभागृहात तिचं टेबलच नव्हतं. ते सापडलं व्हरांड्याच्या टोकाला, स्वच्छतागृहाच्या दाराशी. मिरचीच्या डोळ्यांत पाणी आलं. राग आला की तिला रडू यायचं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग यायचा. ती प्रयोगाचा तक्ता फाडायला निघाली, तेव्हा भिंगरीने तिचा हात धरला. "वेडी का तू? त्यांनी आपल्याला थेट प्रयोगशाळेतच बसवलंय!"

परीक्षक एक डॉक्टरबाई होत्या. यादीत नाव आहे पण टेबल दिसत नाही, म्हणून त्या शोधत आल्या. मुख्याध्यापक मागून धावतच आले. "तिकडे काही विशेष नाही, मॅडम!"

"मॅडम, डोळे बांधू?" मिरचीने विचारलं.

डॉक्टरबाईंनी हसत डोळे बांधून घेतले. भिंगरीने त्यांना व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला नेलं. त्या चालू लागल्या आणि मुख्याध्यापकांच्या दाराशी थबकल्या. "अगं बाई! इथे काय मेलंय?"

"आज वारा उलटा आहे," मुख्याध्यापक पुटपुटले.

ओढणी सोडून डॉक्टरबाईंनी तक्ता वाचला. त्यांचं हसू मावळलं. "मग मुली दिवसभर करतात काय?"

"पाणी पीत नाही आम्ही," भिंगरी म्हणाली.

"पोटात दुखतं ना?"

"हो, पण ते सगळ्यांचंच दुखतं."

डॉक्टरबाईंनी ते आपल्या वहीत टिपून घेतलं. बक्षीस मात्र एका चालत्या यंत्रमानवाला मिळालं. तो एका मुलाच्या मामाने बनवला होता आणि मंचावरून खाली पडेपर्यंत छान चालला. मिरचीला साधं प्रशस्तिपत्रही मिळालं नाही. पण भाषणाला उभं राहिल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "पालकांनो, घरी जाण्याआधी सगळ्यांनी मुलींचं स्वच्छतागृह बघून या. तुमच्या मुली तहानलेल्या राहून आजार ओढवून घेतायत."

सभागृह रिकामं झालं. सगळ्या आया रांगेने व्हरांड्यात गेल्या आणि परत आल्या त्या थेट मुख्याध्यापकांच्या दारात. मिरचीची आई सर्वांत पुढे होती. मिरचीचा राग कुणाकडून आलाय, ते त्या दिवशी अख्ख्या शाळेला कळलं.

आठवड्याभरात प्लंबर आला. पाइप बदलला, फरशी घासली गेली, नळाला पाणी आलं. मुख्याध्यापकांनी फीत बांधली आणि प्रार्थनेनंतर जाहीर केलं, "स्वच्छतेचा हा उपक्रम शाळेने स्वतःहून हाती घेतला आहे!" मग त्यांनी मिरचीला कात्री दिली. "काप, बाळ. फोटो काढायचाय."

मिरचीने कात्री हातात घेतली आणि आत डोकावून पाहिलं.

"दारांना कड्या नाहीत, सर."

"लावू गं. आधी फोटो."

"आधी कड्या."

मागे मुलींची रांग लागली होती आणि भिंगरी घटाघट पाणी पीत होती. मुख्याध्यापकांनी दात-ओठ खाल्ले, खिशातून फोन काढला आणि सुताराला लावला. पलीकडून तो "येतो" म्हणेपर्यंत मिरची जागची हलली नाही.