कोचच्या कॉलरवरचा माइक

कोच हॅगन यांच्या कॉलरवर तो बोटभर माइक सकाळपासून होता आणि कुणाच्या बापाच्या लक्षात आलं नव्हतं. शाळेत ते इतिहास शिकवायचे. सोरेनला कमी ऐकू यायचं, म्हणून वर्गात माइक लावायचे. त्यांचं बोलणं थेट त्याच्या कानातल्या यंत्रात पोचायचं. शुक्रवारचा शेवटचा तास संपला, चिलीचं तिखट कालवण आणि दालचिनी रोल पोटात गेले, आणि कोच तसेच अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याला मैदानावर आले. सोरेन म्हणजे संघाचा क्वार्टरबॅक, प्रत्येक चाल त्याच्या हातून सुटायची. आणि नियम तर स्वच्छ होता: कोचांनी आपसांत हेडसेटवर हवं तेवढं बोलावं, मैदानातल्या खेळाडूच्या कानात मात्र यंत्रातून एक अक्षर जाता कामा नये.

मध्यंतराला पाहुण्या संघाच्या कोचनं बोट दाखवलं. "अहो रेफरी, ती कॉलर बघा की! बहिऱ्याचं सोंग, आणि कानात कोच!"

"सोंग?" हॅगन लालबुंद झाले. "विसरलो हो मी! त्याला एक शब्द सांगितला असेल तर..."

रेफरी क्विस्टबाई मोजकं बोलणाऱ्या. त्या सरळ सोरेनकडे वळल्या. "तू सांग. काही ऐकू आलं?"

सोरेनला ऐकू आलं होतं. कडेला उभे राहून कोच स्वतःशीच पुटपुटले होते, 'डावीकडे मोकळं आहे,' आणि तो डावीकडे पळाला होता. चेंडूसकट गोलरेषेपार, सहा गुण, संघाचा एकुलता एक टचडाउन तोच! नाही म्हटलं असतं तर कुणाला काय कळणार होतं? पण त्याला स्वतःला जन्मभर कळत राहिलं असतं, आणि ते त्याला मुळीच नको होतं.

"आलं," तो म्हणाला. "टचडाउनच्या वेळी."

हॅगन यांनी कपाळावर हात मारला.

"झालेले गुण पुसता येत नाहीत," क्विस्टबाई म्हणाल्या. "दंड म्हणून पंधरा यार्ड मागं सरका. माइक इकडे द्या. कानातली यंत्रं राहू देत, तो त्यांनीच ऐकतो."

"नकोत मला," म्हणत सोरेननं दोन्ही यंत्रं काढली आणि कोचच्या तळहातावर ठेवली.

"वेड लागलंय का लेका? शिट्टी ऐकू येणार नाही तुला!"

ओठ वाचून तो हसला. "बाकीचे थांबले की थांबेन. हातांनी खुणा करा, कोच. ओरडू नका, फुकट जाईल."

उत्तरार्धात पाहुण्यांनी सात गुण करून एका गुणाची आघाडी घेतली. त्यांच्या बचावफळीतला टकर नावाचा पोरगा, नुसता बैल, सोरेनला आडवा पाडायचा आणि दातांतलं रबर काढून तोंडावर म्हणायचा, "चोरटा!" ओठांवरचा तो शब्द सोरेनला लख्ख दिसायचा. एकदा तर शिट्टी झाल्यावरही सोरेन एकटाच पळत सुटला. प्रेक्षक पोट धरून हसत होते. कान तापले, पण त्यानं कोचकडे यंत्रं मागितली नाहीत. आता काहीही होवो, हा सामना स्वतःच्या डोळ्यांनी खेळायचा, बस्स.

शेवटची चाल उरली. गोलरेषा तीन यार्डांवर. कोचनी चेंडू फेकायची खूण केली. सोरेननं नकारार्थी मान हलवली. टकर दमला होता, गुडघ्यांवर हात टेकून उभा होता. सोरेननं चेंडू पोटाशी धरला आणि थेट त्याच्याच अंगावर गेला.

ढिगाऱ्याखाली तोंडात माती. एकेक अंग बाजूला झालं, तेव्हा चेंडू रेषेच्या पलीकडे होता आणि टचडाउनची खूण म्हणून क्विस्टबाईंचे दोन्ही हात वर.

टकरनं त्याला दंडाला धरून उभं केलं. सोरेन त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. टकर सावकाश, समजेल असं म्हणाला, "हा टचडाउन तुझा."